एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घेताय? आधी आपलं फुटेज तपासा

‘एडिटिंगसाठी कोणता कॉम्प्युटर घेऊ?’ असं विचारलं की दुकानदार बजेट विचारतो आणि ओळखीतला गेमर एखाद्या ग्राफिक्स कार्डाचं नाव सांगून मोकळा होतो. तुम्ही शूट कशावर करता, हे कुणी विचारत नाही. खरं तर निवड तिथून सुरू होते. आधी फुटेज, मग सॉफ्टवेअर आणि सगळ्यात शेवटी मशीन. हा क्रम उलटा झाला की लाखभर रुपये घालूनही टाइमलाइन (क्लिपा ओळीनं मांडायची पट्टी) अडखळते आणि पाणी कुठं मुरतंय ते कळत नाही.

आतापर्यंत मोबाइलवरच रील कापत होता, पण आता रेसिपीचं चॅनेल, कीर्तनाचं रेकॉर्डिंग, नात्यातल्या लग्न-मुंजी किंवा मंडळाचे कार्यक्रम कॉम्प्युटरवर नीट एडिट करायचे आहेत, अशांसाठी हे लिहितोय. सिनेमा आणि जाहिरातींचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

पायरी १ : फुटेजची कुंडली काढा

मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. आपल्या मोबाइलची किंवा कॅमेऱ्याची एक मूळ क्लिप त्यात उघडा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको, कारण ती आधीच दाबून लहान केलेली असते. पुढच्या गोष्टी कागदावर उतरवा : फॉरमॅट (एव्हीसी म्हणजे एच २६४, एचईव्हीसी म्हणजे एच २६५), बिट डेप्थ (रंगांच्या छटा किती बारीक नोंदल्यात) ८ की १०, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची किती माहिती राखलीय) ४:२:० की ४:२:२, बिट रेट (सेकंदाला किती डेटा) किती, आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम्स) मोडसमोर ‘कॉन्स्टंट’ लिहिलंय की ‘व्हेरिएबल’.

हा कागद महत्त्वाचा का, ते जरा सविस्तर सांगतो. एच २६४ किंवा एच २६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एखादं पूर्ण चित्र असतं, आणि मधल्या फ्रेम्समध्ये आजूबाजूच्या चित्रांपेक्षा काय बदललं एवढीच नोंद असते. त्यामुळे फाइल लहान होते. क्लिप सरळ बघत गेलात तर काही अडत नाही. एडिटिंगमध्ये मात्र आपण सतत इकडून तिकडे उड्या मारतो, मागे जातो, मधोमध कापतो. अशी मधली एक फ्रेम दाखवायची तर कॉम्प्युटरला आधीचं पूर्ण चित्र शोधून तिथपासूनचे सगळे बदल मांडत यावं लागतं. दोन-तीन कॅमेरे एकाच टाइमलाइनवर असतील तर हे काम तितक्या पट. नवशिक्याला वाटतं एडिटिंगनं मशीन हँग होतंय. बहुतेक वेळा ते फुटेज उलगडतानाच दमलेलं असतं.

हे उलगडण्यासाठी चिपमध्ये स्वतंत्र सर्किट असतं. मोबाइलमध्येही असतं, म्हणून स्वतः शूट केलेली ४के क्लिप मोबाइल आरामात दाखवतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ते अंगच्या ग्राफिक्ससोबत येतं आणि त्याला क्विक सिंक म्हणतात. एनव्हीडियाच्या कार्डांवर आणि अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिपमध्येही असं सर्किट असतं. तुमच्या क्लिपचा प्रकार त्या सर्किटला झेपला तर साधं मशीनही पळतं. नाही झेपला तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि महागडं मशीनही रडतं.

मोबाइलचं ८ बिट ४:२:० फुटेज गेल्या काही वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या मशीनना झेपतं. घोडं अडतं ते नव्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या १० बिट ४:२:२ एच २६५ पाशी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढचं अंगचं ग्राफिक्स हे फुटेज उलगडतं. एनव्हीडियाच्या कार्डांना ती सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली. म्हणजे या एका बाबतीत जुनं, महागडं कार्ड मागे आणि साधा इंटेल प्रोसेसर पुढे, असंही होतं. ‘बेस्ट कॉन्फिगरेशन’च्या याद्या वाचून कॉम्प्युटर घेऊ नका म्हणतो ते यासाठी.

बिट रेटवरून जागेचा हिशोबही होतो. ५० एमबीपीएस (सेकंदाला ५० मेगाबिट) म्हणजे मिनिटाला ३७५ एमबी, तासाला साडेबावीस जीबी. तीन कॅमेऱ्यांवर तीन तासांचं कीर्तन घेतलं की २०० जीबी भरले. १०० एमबीपीएसच्या ४के ला याच्या दुप्पट.

पायरी २ : आहे त्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर वापरून बघा

घरातला कॉम्प्युटर कितीही जुना असो, नवा घेण्याआधी सॉफ्टवेअर त्यावर टाकून एक पाच मिनिटांचा व्हिडिओ शेवटपर्यंत पूर्ण करा. अडखळत का होईना, पण आपल्याला कुठे वेळ लागतो ते कळेल.

पर्याय फार नाहीत. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह हे मूळचं रंग सुधारण्याचं सॉफ्टवेअर. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीनं ते विकत घेतलं आणि वाढवत वाढवत पूर्ण एडिटर केलं. फुकट आवृत्ती ४के पर्यंत, सेकंदाला ६० फ्रेम्सपर्यंत एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओची फाइल) देते आणि व्हिडिओवर वॉटरमार्क येत नाही. पैसे देऊन मिळणाऱ्या स्टुडिओ आवृत्तीची किंमत २९५ डॉलर, तीही एकदाच. नवशिक्याला मी डोळे झाकून हेच सांगितलं असतं, पण याची भूक मोठी आहे. १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स नसेल तर ते उघडायलाच वेळ खातं. शिवाय लिनक्सवर याची फुकट आवृत्ती एच २६४ चं फुटेज घेत नाही, तेव्हा लिनक्सवाल्यांनी आधी तेवढं बघावं.

कॉम्प्युटर हलका असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. दिसायला जरा रूक्ष आहेत, पण व्याख्यान, मुलाखत, रेसिपी, शाळेचं स्नेहसंमेलन एवढ्यासाठी पुरून उरतात.

अ‍ॅडोबीचं प्रीमियर प्रो २०१३ पासून फक्त भाड्यानं मिळतं. पैसे भरणं थांबवलं की काम थांबतं. पुढेमागे स्टुडिओत नोकरी करायची असेल तर शिकून ठेवा, कारण पुण्या-मुंबईत एडिटर घेताना प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्स (त्याच कंपनीचं इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर) येतं का, हे हमखास विचारतात. घरच्या चॅनेलसाठी दरमहा भाडं भरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. मॅक असेल तर आयमूव्ही फुकट आहे, आणि त्यापुढे फायनल कट प्रो एकदाच पैसे देऊन घेता येतं. परदेशातल्या नातेवाइकांकडून कॅपकटचं कौतुक ऐकलं असेल, पण ते भारतात अधिकृतपणे मिळत नाही. आडवाटेनं चालवून त्यावर गिऱ्हाइकाचं काम उभं करू नका.

आणि दुकानदार ‘सगळी सॉफ्टवेअरं टाकून देतो, टेन्शन नको’ म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर काय काय येतं ते सांगता येत नाही. चांगली फुकट सॉफ्टवेअरं असताना एखाद्याच्या लग्नाचं फुटेज अशा मशीनवर ठेवण्याची जोखीम कशाला?

पायरी ३ : मराठी अक्षरांची परीक्षा

इंग्रजी परीक्षणांत ही गोष्ट तुम्हाला सापडणार नाही, पण आपल्यासाठी ती रॅमइतकीच महत्त्वाची. सॉफ्टवेअरच्या टायटलमध्ये हे वाक्य टाइप करा :

दुसऱ्या किल्ल्यावरच्या विद्यार्थ्यांनी कुऱ्हाडीने श्रीफळ फोडलं.

अर्थ शोधू नका, अक्षरं बघा. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ मधला र झोपलेल्या वळणाचा येतो का? ‘कि’ची वेलांटी क च्या आधी लागली की मागे जाऊन बसली? ‘र्थ्यां’वरचा रफार आणि अनुस्वार शेजारी नीट बसलेत, की रफार पुढच्या अक्षरावर उडाला? ल्ल, द्य, श्र जोडलेलेच राहिले, की मधे पाय मोडलेलं अक्षर दिसतंय?

प्रीमियरमध्ये हे वाक्य पहिल्या झटक्यात बहुतेक मोडतं. प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्स विभागात जाऊन टेक्स्टसाठी ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय निवडला की जोडाक्षरं ताळ्यावर येतात. रिझॉल्व्हमध्ये टायटलचे दोन प्रकार आहेत, साधं टेक्स्ट आणि टेक्स्ट प्लस. एकात तुटलं तर दुसऱ्यात टाकून बघा. कशातच जमलं नाही तर इंकस्केप या फुकट चित्र-सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून पारदर्शक पीएनजी काढा आणि टाइमलाइनवर ठेवा. कामापुरती ही युक्ती कधीच दगा देत नाही, फक्त नाव बदललं की नवी फाइल काढावी लागते.

लग्नपत्रिकेवरची नावं छापखान्यातून मागवली तर ती बऱ्याचदा श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. ती थेट चिकटवली की भलतीच चिन्हं उमटतात. आधी युनिकोडमध्ये (मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्या किंवा सरळ पुन्हा टाइप करा, नावं थोडीच असतात. फॉन्टचं म्हणाल तर ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘बालू’ (Baloo) हे ‘एक टाइप’ या संस्थेचे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावरही वाचता येतात. तिरो देवनागरी मराठी देखणा आहे, ल आणि श आपल्या वळणाचे देतो, पण त्याच्या रेघा पुस्तकी, बारीक आहेत. शीर्षकाला चालेल, खालच्या पट्टीतल्या बारीक मजकुराला नको.

पायरी ४ : मशीनचे भाग

रोज बाहेर जाऊन काम करायचं नसेल तर डेस्कटॉप घ्या. त्याच पैशांत जास्त ताकद मिळते, आणि दोन वर्षांनी रॅम किंवा डिस्क वाढवता येते. लॅपटॉपमध्ये कार्डाचं नाव फसवं असतं. आरटीएक्स ४०५० चंच बघा : कंपनी ते ३५ वॉटवर चालवते की ११५ वर, यावर वेगात मोठा फरक पडतो आणि बाहेरच्या स्टिकरवर तो आकडा नसतो. त्यात विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना. तापलेला लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो, मग एक्स्पोर्ट रेंगाळतं.

प्रोसेसर घेताना नावातलं शेवटचं अक्षर वाचा. इंटेलचा आय५ १२४०० आणि १२४००एफ यांत फरक फक्त ‘एफ’चा दिसतो. पण एफ म्हणजे अंगचं ग्राफिक्स बंद, आणि त्यासोबत क्विक सिंकही गेलं. हा थोडा स्वस्त पडतो, म्हणून दुकानदार ‘गेमिंगला हाच चालतो’ म्हणत पुढे करतो. गेमिंगला चालतही असेल. आपल्याला बिनएफचा द्या म्हणायचं, आणि बिलावर पूर्ण नाव लिहून घ्यायचं.

रॅम १६ जीबीच्या खाली नको. ४के, दोन-तीन कॅमेरे किंवा रिझॉल्व्हमधले फ्यूजनचे इफेक्ट्स करायचे असतील तर ३२. दोन पट्ट्या जोडीनं लावल्या तर वेग चांगला मिळतो, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा. पण २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव असे काही चढले की दोन्ही एकदम परवडतीलच असं नाही. मग १६ ची एक पट्टी लावा, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. ८ जीबीवर तडजोड करून कार्डावर पैसे उधळण्यापेक्षा हे बरं.

डिस्कबद्दल थोडक्यात. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी एनव्हीएमई एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क), चालू कामासाठी शक्यतो दुसरी एसएसडी, आणि संपलेल्या कामासाठी साधी हार्ड डिस्क. पेन ड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावरून थेट एडिटिंग कधीच करू नका.

ग्राफिक्स कार्डाची गरज सॉफ्टवेअरवर ठरते. रिझॉल्व्ह त्याच्यावरच उभं आहे. ४के करायचं तर ८ जीबी व्हीरॅमचं (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं) कार्ड घ्या. केडेनलाइव्ह किंवा शॉटकटवर साधी कापाकापी करणाऱ्यानं कार्डाचे पैसे वाचवून मॉनिटरवर घालावेत. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं दिसतं, पडदा किती रंग दाखवतो त्याचं ते माप. त्या पडद्यावर रंग मुळातच फिके दिसतात. तुम्ही सॅच्युरेशन वाढवत जाता आणि पाहुण्यांच्या मोबाइलवर हळदीचा कार्यक्रम शेंदरी होऊन जातो. आयपीएस पॅनेल, एसआरजीबी (रंगांचं दुसरं माप) १०० टक्क्यांच्या आसपास आणि २४ इंच फुल एचडी एवढं सुरुवातीला पुष्कळ आहे.

मॅकचा विचार करत असाल तर २०२४ मध्ये आलेला एम ४ चा मॅक मिनी बघा. भारतात तो ५९,९०० रुपयांपासून निघाला, १६ जीबी रॅमसह. १० बिट ४:२:२ फुटेज तो सहज उलगडतो, आवाज करत नाही, वीज कमी खातो. खोट एवढीच की डिस्क २५६ जीबीची आणि रॅम नंतर वाढवता येत नाही. बाहेरची एसएसडी पहिल्या दिवसापासून धरूनच बजेट काढा.

पायरी ५ : खरेदीच्या दिवशी

जुनं, ऑफिसातून निघालेलं मशीन स्वस्तात मिळत असेल तर प्रोसेसरची पिढी विचारा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीखालच्या प्रोसेसरना अधिकृतपणे चालत नाही. सहाव्या-सातव्या पिढीचे कॉम्प्युटर म्हणूनच पडत्या भावात दिसतात. लिनक्स आणि केडेनलाइव्ह चालवणार असाल तर घ्या, एरवी सोडा. आणि ‘पुढे यात कार्ड टाकू’ असा बेत असेल तर त्या छोट्या कॅबिनेटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आधी बघा, तो बहुतेक वेळा कार्डाचा भार घेत नाही.

नवं असेंबल करून घेताना, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की गावातल्या दुकानात, प्रत्येक भागाचं कोटेशन नावानिशी मागा. ‘१६ जीबी रॅम, ५०० वॉट एसएमपीएस’ एवढ्यावर भागत नाही. कंपनी आणि मॉडेल हवं. कात्री लागते ती नेहमी एसएमपीएस आणि मदरबोर्डवर, कारण गिऱ्हाईक तिकडे बघत नाही. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात.

निघताना खिशातल्या पेन ड्राइव्हवर आपल्या दोन मूळ क्लिपा न्या. दुकानातल्या तयार मशीनवर त्या आधी एसएसडीवर कॉपी करा आणि मग सॉफ्टवेअरमध्ये उघडा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा, त्यात जीपीयू (ग्राफिक्स). तिथे ‘व्हिडिओ डीकोड’ असा आलेख असतो. टाइमलाइन चालवताना तो हलला तर सर्किट कामाला लागलंय. तो सपाट राहून सीपीयू (प्रोसेसर) शंभर टक्क्यांवर गेला तर या मशीन-सॉफ्टवेअरच्या जोडीला तुमचं फुटेज झेपत नाही, मग दुकानदार कितीही गुण गावो. असा गिऱ्हाईक बघून काही दुकानदार वैतागतात. वैतागू द्या.

यूपीएस विसरू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो, ग्राफिक्स कार्डवाल्या डेस्कटॉपला एक्स्पोर्टच्या वेळी तो अपुरा पडू शकतो. वरचा घ्या.

पायरी ६ : पहिल्या प्रोजेक्टआधीची मांडणी

फ्रेम रेट आधी ठरवा. रिझॉल्व्हमध्ये फुटेज आत घेतल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली ३० फ्रेम्सवर शूट केलं की कधी कधी पट्ट्या लहरताना दिसतात. कॅमेऱ्यावर २५ फ्रेम्स आणि शटर १/५० ठेवलं तर त्या जातात. मोबाइल ३० वरच चालवणार असाल तर प्रो मोडमध्ये शटर १/१०० करा. काही का असेना, सगळ्या कॅमेऱ्यांवर एकच आकडा हवा.

कागदावर ‘व्हेरिएबल’ लिहिलं असेल तर ते आता आठवा. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेम्स कमीजास्त करतो, आणि लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून क्लिप बदलून घ्या आणि बदललेलीच टाइमलाइनवर आणा. अर्ध्या मिनिटाच्या रीलला याची गरज नाही, तासाभराच्या व्याख्यानाला आहे.

तरीही अडखळलं तर प्रॉक्सी वापरा. सॉफ्टवेअर फुटेजची हलकी प्रत बनवतं, तुम्ही तिच्यावर काम करता, आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फुटेज वापरलं जातं. वर सांगितलेल्यांपैकी रिझॉल्व्ह, प्रीमियर, फायनल कट, केडेनलाइव्ह आणि शॉटकट सगळ्यांत ही सोय आहे. रात्री प्रॉक्सी बनवायला लावून झोपायचं, सकाळी एडिटिंगला बसायचं. जुन्या मशीनवर याच्या जोरावर वर्षभर तरी काढता येतं, आणि मग नव्या खरेदीची घाईही राहत नाही.

काम गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर प्रॉक्सी आणि कॅशेचे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइलींचे) फोल्डर खुशाल उडवा, ते पुन्हा बनतात. मूळ क्लिपा, प्रोजेक्ट फाइल, वापरलेले फॉन्ट आणि अंतिम व्हिडिओ एवढं मात्र दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक डिस्क दुसऱ्या घरात असू द्या. सहा महिन्यांनी मुलीकडची मंडळी ‘आजोबांचं नाव चुकलंय, तेवढं बदलून द्या ना’ म्हणत येतातच.